बोक्याची लघवी तुंबते तेव्हा

रात्री अकराच्या सुमारास घरातला बोका लिटरच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो. पाठ वाकवून, शेपटी थरथरवत जोर करतो, काहीच न होता बाहेर येतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेथेच जाऊन बसतो. मध्येच खोल, ओढलेल्या आवाजात ओरडतो. मागच्या पायांत डोके खुपसून सतत चाटत राहतो. घरातील मंडळींची समजूत होते की, त्याला बद्धकोष्ठ झाले असावे. कुणी चमचाभर तूप चाटवते, कुणी एरंडेल सुचवते आणि अखेर 'सकाळी बघू' असे म्हणून दिवे मालवले जातात.

बोक्याच्या बाबतीत हे 'सकाळी बघू' फार महागात पडू शकते. लघवी पूर्णपणे तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात पहिल्या चोवीस तासांतच विषारी द्रव्ये साठू लागतात. उपचार मिळाले नाहीत तर दोन ते तीन दिवसांत, क्वचित थोड्या अधिक अवधीत मृत्यू ओढवतो. उलट वेळेवर नेलेल्या बोक्यांपैकी दहातले नऊ किंवा त्याहून अधिक बरे होऊन घरी परततात, असे निरनिराळ्या देशांतील पशुवैद्यकीय रुग्णालयांच्या नोंदी सांगतात. कुत्र्यामांजरांच्या आजारांत इतक्या थोड्या तासांवर इतके काही अवलंबून असल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

शहरांतील सदनिकांमध्ये मांजर पाळणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. पूर्वी वाड्यात किंवा चाळीत वावरणारे मांजर दिवसभर बाहेर असे. ते लघवी कोठे करते, किती वेळा करते, याची फिकीर कुणाला नव्हती. आता तेच मांजर सहाव्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीच्या आत राहते, बशीतले दाणे खाते आणि दिवसातील बराचसा वेळ झोपून काढते. त्यामुळे हा विकार अधिक प्रमाणात दिसतो. आणि लिटरचा ट्रे डोळ्यांसमोर असल्याने तो वेळीच लक्षात येण्याची संधीही मिळते, हेही खरे.

सुईच्या जाडीची वाट

हा विकार बोक्यालाच का होतो, याचे उत्तर शरीररचनेत आहे. भाटीचा मूत्रमार्ग आखूड, रुंद आणि ताणला जाणारा असतो. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असून तो टोकाकडे निमुळता होत जातो. मूत्राशयाच्या बाजूला त्याची रुंदी दोन मिलिमीटरच्या आसपास असते, तर शिश्नाच्या टोकाशी ती जेमतेम ०.७ मिलिमीटर उरते. म्हणजे शिवणकामाच्या सुईच्या जाडीएवढी. या चिंचोळ्या वाटेत वाळूचा एखादा कण किंवा चिकट स्रावाची गुठळी अडकली, तरी वाहतूक बंद होते.

अडकणारा पदार्थ नेहमी मुतखडाच असतो असे नाही. पुष्कळदा ते एक मऊसर बूच असते. मूत्राशयाच्या अस्तरातून पाझरलेली प्रथिने, चिकट श्लेष्मा, रक्तपेशी आणि त्यात रुतलेले सूक्ष्म स्फटिक यांचे ते मिश्रण असते. ते दाबून पाहिल्यास टूथपेस्टसारखे लागते. काही बोक्यांमध्ये बूचही सापडत नाही आणि खडाही नाही. आतून सुजलेला मूत्रमार्ग आणि त्याभोवती आवळले गेलेले स्नायू एवढ्यानेच वाट बंद झालेली असते. बोका तरुण किंवा मध्यमवयीन, घरातच राहणारा, अंगाने थोडा स्थूल आणि प्रामुख्याने कोरडे खाद्य खाणारा असेल, तर धोका अधिक असतो.

नसबंदीमुळे लघवी तुंबते, हा समज महाराष्ट्रातच नव्हे, जगभर प्रचलित आहे. लहान वयात नसबंदी केल्याने मूत्रमार्गाची वाढ खुंटते, असे त्यामागचे तर्कशास्त्र. प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा नसबंदी झालेल्या आणि न झालेल्या बोक्यांच्या मूत्रमार्गाच्या रुंदीत तसा फरक आढळला नाही. नसबंदीनंतर वजन वाढते आणि हालचाल मंदावते, एवढा संबंध मात्र आहे. त्यावर उपाय खाण्याचे माप कमी करणे हा आहे; नसबंदी टाळणे हा नव्हे.

शरीरात काय घडते?

मूत्रपिंडे रक्त गाळण्याचे काम थांबवत नाहीत. लघवी तयार होत राहते, मूत्राशय फुगत जाते आणि मागचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. मग गाळण्याची क्रिया मंदावते. युरिया व क्रिएटिनीन रक्तात साठते. बोका खाणे सोडतो, उलट्या करतो, कोपऱ्यात किंवा पलंगाखाली जाऊन बसतो. याच टप्प्यावर तो ट्रेमध्ये जाणे थांबवतो आणि ओरडणेही बंद करतो. 'आता बरे वाटतेय' असा त्याचा अर्थ घरचे लोक लावतात. वस्तुतः तो खचत चाललेला असतो.

मृत्यूचे प्रत्यक्ष कारण बहुधा पोटॅशियम हे असते. मांजराच्या रक्तात ते साधारणतः लिटरमागे साडेतीन ते साडेपाच मिलिइक्विव्हॅलंट एवढे असते. लघवीवाटे बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला की ते वाढू लागते, आणि आठच्या पुढे गेले की हृदयाच्या विद्युतप्रवाहात बिघाड होतो. दवाखान्यात आणलेल्या घाबरलेल्या मांजराचे हृदय एरवी मिनिटाला १६० ते २२० वेळा धडधडते. लघवी तुंबलेल्या बोक्याची धडधड शंभराच्या आसपास उतरलेली असेल आणि अंग गार लागत असेल, तर डॉक्टर रक्ततपासणीच्या अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. गार अंग व मंद नाडी ही जोडी म्हणजे पोटॅशियम वाढल्याची पुरेशी खूण होय.

ओळखायचे कसे?

बद्धकोष्ठ आणि लघवी तुंबणे यांतील फरक घरच्या माणसांना नेहमी कळेलच असे नाही. दोन्हीत बोका जोर करतो. त्यामुळे नियम साधा ठेवावा. जोर करणाऱ्या बोक्याच्या ट्रेमध्ये ओल दिसत नसेल, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत लघवी तुंबली आहे असेच धरून चालावे. गोळे होणारे लिटर वापरणाऱ्यांना हे सोपे जाते. निरोगी बोक्याचे दिवसाला साधारण दोन ते चार चांगले मोठे गोळे निघतात. सुपारीएवढे चिमुकले गोळे पुष्कळ निघणे ही मूत्राशयाच्या दाहाची खूण आहे आणि एकही गोळा न निघणे हा धोक्याचा इशारा आहे. न्हाणीघरात, गादीवर, बेसिनमध्ये थेंबथेंब लघवी करणे, लघवीत गुलाबी झाक दिसणे, उचलताना पोटाला हात लागताच ओरडणे किंवा चावणे, ही आधीची लक्षणे. जो बोका एरवी ट्रेबाहेर कधी घाण करत नाही, तो गादीवर लघवी करू लागला तर त्याला रागावण्यापेक्षा तपासून आणणे शहाणपणाचे.

तुंबलेले मूत्राशय ओटीपोटात मोठ्या लिंबाएवढे, कधी मोसंबीएवढे आणि दगडासारखे टणक लागते. डॉक्टरांच्या सरावलेल्या हाताला ते क्षणात कळते. घरी मात्र पोट दाबून पाहण्याचा, किंवा त्याहून वाईट म्हणजे दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये. ताणलेले मूत्राशय फुटू शकते.

या आजारावर घरगुती प्रथमोपचार नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. वेदना होत आहेत म्हणून माणसांची पॅरासिटामॉलची गोळी देणे प्राणघातक ठरते. मांजराच्या यकृतात ते औषध निकामी करण्याची पुरेशी व्यवस्था नसते. अर्ध्या गोळीनेही रक्तातील ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता नष्ट होऊ शकते. आयबुप्रोफेनही तितकेच वर्ज्य. मुतखड्यावरचे आयुर्वेदिक काढे, बार्लीचे पाणी, लघवी साफ होण्याची औषधे ही सारी उघड्या वाटेसाठी आहेत. वाट बंद असताना लघवी वाढवणे म्हणजे तोटी बंद ठेवून टाकी भरत राहण्यासारखे होय. सिरिंजने जबरदस्तीने पाणी पाजल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

करायचे ते एवढेच: बोक्याला टोपलीत किंवा पिंजऱ्यात टॉवेलवर ठेवावे, दवाखान्यात आधी फोन करून 'बोक्याची लघवी तुंबली आहे' अशा स्पष्ट शब्दांत सांगावे आणि निघावे. शेवटची लघवी केव्हा पाहिली, उलटी झाली का, काय औषध दिले, हे आठवून ठेवावे. तूप-एरंडेल दिले असेल तर तेही न लाजता सांगावे.

रात्रीची वेळ ही यातील मोठी अडचण आहे. पुष्कळ खासगी दवाखाने रात्री नऊ-दहाला बंद होतात, आणि उघडे असले तरी सगळीकडे मांजराला भूल देऊन नळी घालण्याची सोय असतेच असे नाही. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे छोट्या प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. आपल्या भागात रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, तेथे कॅथेटर घालतात का, ही चौकशी बोका ठणठणीत असताना करून तो क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवणे बरे. जिल्ह्याच्या ठिकाणी तर ही चौकशी अधिकच अगत्याची, कारण तेथील सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बराचसा अनुभव गाईम्हशींचा असतो.

दवाखान्यात

पहिले काम हृदय सांभाळण्याचे. शिरेतून सलाईन सुरू होते. लघवी तुंबलेली असताना सलाईन कशाला, असा प्रश्न नातलगांना पडतो. पण त्यामुळे रक्तातील पोटॅशियम सौम्य होते आणि खचलेले रक्ताभिसरण सावरते. हृदयाची लय बिघडली असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन सावकाश देतात. ते पोटॅशियम कमी करत नाही. हृदयाला तेवढ्यापुरते कवच पुरवते. पोटॅशियम पेशींच्या आत ढकलण्यासाठी इन्सुलिन आणि ग्लुकोज दिले जाते. मधुमेह नसलेल्या बोक्याला इन्सुलिन का दिले, हे पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही.

त्यानंतर भूल देऊन मूत्रमार्ग मोकळा केला जातो. बारीक नळी टोकाशी ठेवून निर्जंतुक सलाईनच्या दाबाने बूच मागे मूत्राशयात ढकलतात किंवा धुऊन काढतात. हे काम हळुवार हाताचे आहे. घाईत मूत्रमार्गाला इजा झाली तर पुढे व्रण आकसून कायमची अडचण होते. काही डॉक्टर आधी पोटावरून सुई घालून मूत्राशयातील लघवी काढतात. त्यामुळे दाब उतरतो आणि नळी घालणे सोपे जाते. नळी आत गेली की बहुधा एक ते तीन दिवस ती टाके घालून तेथेच ठेवतात आणि बंद पिशवीला जोडतात.

वाट मोकळी झाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडते. तुंबलेली मूत्रपिंडे एकदम सुटल्यासारखी काम करू लागतात आणि बोका प्रमाणाबाहेर लघवी करतो. पिशवीत किती जमा झाले हे दर काही तासांनी मोजून तेवढे सलाईन परत द्यावे लागते. नाहीतर बोका काही तासांत कोरडा पडतो आणि आधी वाढलेले पोटॅशियम आता नको इतके खाली येते. 'लघवी झाली, आता घरी नेतो' असे म्हणणाऱ्या पालकांना डॉक्टर थांबवून ठेवतात, त्याचे हे कारण आहे.

तरुण बोक्याच्या लघवीत पहिल्या वेळी जंतूसंसर्ग क्वचितच असतो; दहा वर्षांपुढच्या मांजरांत तो अधिक आढळतो. त्यामुळे सवयीने दिले जाणारे अँटिबायोटिक बहुतेक वेळा अनावश्यक असते. नळी आत असताना ते देत राहिल्याने औषधाला न जुमानणारे जंतू पोसले जाण्याचाच संभव असतो. नळी काढल्यावर लघवीची तपासणी व कल्चर करणे हा अधिक योग्य मार्ग. वेदनाशामक मात्र हवेच. मूत्रमार्गाचे स्नायू सैल पडावेत म्हणून प्राझोसिन हे औषध वर्षानुवर्षे दिले जात आहे. अलीकडच्या चाचण्यांत त्यामुळे पुन्हा तुंबण्याचे प्रमाण कमी होत असल्याचे दिसून आलेले नाही.

हा सर्व उपचार तीन-चार दिवसांचा आणि म्हणून खर्चिक असतो. भारतात मांजराचा विमा काढणारे थोडे. खर्च झेपत नाही म्हणून बोक्याला मरणाची सुई द्यावी का, असा प्रश्न काही कुटुंबांसमोर खरोखरच उभा राहतो. अशा वेळी २०१० मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात झालेला एक छोटा अभ्यास उपयोगी आहे. ज्यांच्या पालकांना नेहमीचा उपचार परवडत नव्हता आणि ज्यांची प्रकृती फार ढासळलेली नव्हती, अशा १५ बोक्यांना तेथे नळी घातलीच नाही. गुंगीची व वेदनाशामक औषधे दिली, गरजेप्रमाणे सुईने मूत्राशय रिकामे केले आणि शांत, अंधाऱ्या जागी ठेवले. १५ पैकी ११ बोके आपले आपण लघवी करू लागले. ज्यांच्या मूत्रमार्गात खडा अडकला आहे किंवा ज्यांच्या हृदयाची लय बिघडली आहे, त्यांच्यासाठी हा मार्ग नाही. पण नेहमीचा उपचार किंवा मृत्यू, यांच्या मध्ये एक पायरी आहे, एवढे त्यातून कळते. डॉक्टरांपाशी पैशांची अडचण आरंभीच बोलून दाखवावी. दोन दिवसांनी बोलण्यात बोक्याचेही नुकसान आणि खिशाचेही.

कारणांचा शोध

या विकाराच्या कारणांचा इतिहास बोधक आणि थोडा करमणुकीचाही आहे. १९७० मध्ये त्याला 'फेलाइन युरॉलॉजिक सिंड्रोम' असे भारदस्त नाव मिळाले. त्या काळात सारा दोष खाद्यातील राखेवर, म्हणजे एकूण खनिजांवर ठेवण्यात येई. नंतर बोट मॅग्नेशियमकडे वळले. कारण सापडणारे स्फटिक बहुतांशी स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे असत, आणि ते अल्कधर्मी लघवीत जमतात. मग कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केले आणि लघवी आम्लधर्मी करणारे खाद्य बाजारात आणले. स्ट्रुव्हाइटचे खडे घटले. परंतु कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढू लागले.

मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून चालणाऱ्या खड्यांच्या तपासणी केंद्रात हा पालट टिपला गेला. आरंभीच्या वर्षी मांजरांच्या खड्यांत स्ट्रुव्हाइट ७८ टक्के होते आणि कॅल्शियम ऑक्झलेट अवघे २ टक्के. २००२ पर्यंत ऑक्झलेटचा वाटा निम्म्याहून अधिक झाला होता. पुढे दोहोंचे प्रमाण एकमेकांच्या जवळ आले. पालकांच्या दृष्टीने यातला व्यवहार असा: स्ट्रुव्हाइटचा मूत्राशयातील खडा विशिष्ट पथ्यखाद्याने काही आठवड्यांत विरघळू शकतो, ऑक्झलेटचा विरघळत नाही, तो काढावाच लागतो. म्हणून काढलेला खडा कचऱ्यात न टाकता तपासणीला पाठवण्याचा आग्रह धरावा, आणि कोणते पथ्यखाद्य द्यायचे हे दुकानदाराने नव्हे, डॉक्टरांनी ठरवावे.

घरात मांसाहार वर्ज्य म्हणून मांजराला दूधपोळी आणि दहीभातावर वाढवणारी कुटुंबे आपल्याकडे बरीच आहेत. वनस्पतिजन्य आहाराने मांजराची लघवी अल्कधर्मीकडे झुकते, म्हणजे स्ट्रुव्हाइटला अनुकूल होते. शिवाय टॉरिन नावाचा जो घटक मांजराला मांसातूनच मिळतो, त्याच्या अभावी डोळे व हृदय निकामी होतात. घरच्यांची तत्त्वे वंदनीयच; मांजर मात्र ती पाळू शकत नाही.

खडे आणि बूच यांच्या चर्चेत एक मोठा गट दुर्लक्षित राहिला होता. मूत्रमार्गाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या दहा वर्षांखालील मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत खडा, जंतू, गाठ असे काहीच सापडत नाही. मूत्राशयाचा दाह मात्र असतो. ओहायो स्टेटचे टोनी बफिंग्टन यांनी या मांजरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा की, बिघाड केवळ मूत्राशयात नाही. ताणाला प्रतिसाद देणारी या मांजरांची सारी यंत्रणाच अतिसंवेदनशील असते. २०११ मध्ये त्यांनी त्याला 'पँडोरा सिंड्रोम' असे नाव सुचवले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ निरोगी आणि २० आजारी अशा ३२ मांजरांवर ७७ आठवडे नजर ठेवण्यात आली. खाण्याच्या वेळा चुकणे, ओळखीचा माणूस बदलणे असे नित्यक्रमात खंड पडलेले आठवडे आले की उलट्या, खाणे सोडणे, ट्रेबाहेर घाण करणे हे प्रकार वाढत. आणि विशेष म्हणजे ते निरोगी मांजरांतही वाढत.

आपल्याकडच्या मांजराच्या आयुष्यात असे आठवडे थोडे नसतात. दिवाळीचे फटाके, गणपतीतील पाहुण्यांची वर्दळ, शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासाची दिवसभर चालणारी यंत्रे, भाड्याचे घर बदलणे, नवे बाळ, नवे मांजर. यांतले काहीही टाळता येत नाही, हे मान्य. परंतु त्या दिवसांत ट्रेवर अधिक लक्ष ठेवता येते आणि बोक्याला बंद दाराआड एक शांत खोली, किमान कपाटाचा एक खण, देता येतो.

पुन्हा तुंबू नये म्हणून

एकदा तुंबलेली लघवी पुन्हा तुंबण्याची शक्यता बरीच असते. निरनिराळ्या पाहण्यांत सहापैकी एकापासून तीनपैकी एकापर्यंत बोक्यांना हा त्रास परत झाला. त्यातही पहिल्या आठवड्यात धोका जास्त.

प्रतिबंधात सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातले. भक्ष्याच्या शरीरातील पाण्यावर गुजराण करायची आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवायचे, अशी त्यांची घडण. उंदरात सुमारे ७० टक्के पाणी असते, दाण्यांमध्ये जेमतेम ८ ते १० टक्के. दाणे खाणारे मांजर अधिक पाणी पिते खरे, पण ती तूट पुरती भरून काढत नाही. पाऊचमधील किंवा डब्यातील ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते. ते महाग पडते. त्यावर मधला मार्ग म्हणजे उकडलेली कोंबडी किंवा मासळी तिच्याच आळणी पाण्यासह देणे. मात्र केवळ त्यावर मांजर ठेवणे अपुरे पडते, संतुलित खाद्याला जोड म्हणून ते ठीक. त्या पाण्यात मीठ नको आणि कांदा-लसूण तर मुळीच नको; मांजराच्या रक्तपेशींना ते घातक आहेत. दाण्यांवरच सवय असलेल्या बोक्याचे खाद्य एका दिवसात बदलू नये. मांजर हट्टाने उपाशी राहते, आणि स्थूल बोका काही दिवस उपाशी राहिला तर यकृताचा वेगळाच आजार उद्भवतो.

पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, रुंद तोंडाची आणि खाण्यापासून दूर ठेवावीत. काही बोक्यांना वाहते पाणी आवडते. त्यांच्यासाठी छोटे कारंजे मिळते. काहींना माठाखालच्या ताटलीतलेच पाणी पसंत पडते. पडू द्यावे.

ट्रेच्या बाबतीत जाणकारांचा आडाखा मांजरांच्या संख्येपेक्षा एक अधिक असा आहे. वन-बीएचकेमध्ये दोन मांजरांसाठी तीन ट्रे ठेवायचे कोठे, हा प्रश्न रास्त आहे. निदान आहेत ते ट्रे दिवसातून दोनदा साफ करावेत, धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नयेत, आणि एका मांजराला दुसऱ्याची वाट अडवता येणार नाही अशी जागा निवडावी. चढायला उंच जागा, खिडकीतून बाहेर पाहायची सोय, ठरलेल्या वेळी दहा मिनिटे दोरीमागे पळवणे, या गोष्टी लाडाच्या वाटतात. पण बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाहाचा त्रास असलेल्या ४६ घरगुती मांजरांच्या घरांत असेच बदल करवून दहा महिने पाठपुरावा केला, तेव्हा मूत्रविकाराची लक्षणे तर घटलीच, भेदरटपणाही कमी झाला.

एवढे करूनही वारंवार तुंबत असेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय उरतो. १९७१ मध्ये विल्सन आणि हॅरिसन यांनी वर्णन केलेल्या पद्धतीत शिश्नाचा चिंचोळा भाग काढून मागचा रुंद मूत्रमार्ग थेट त्वचेला जोडतात. बोका पुढे भाटीसारखी, रुंद वाटेने लघवी करतो. शस्त्रक्रियेचा परिणाम चांगला असतो. मात्र नंतर जंतूसंसर्गाची शक्यता वाढते, क्वचित नवी वाट आकसते, आणि मुळातील दाह किंवा खडे होण्याची प्रवृत्ती तशीच राहते. म्हणजे शस्त्रक्रियेने मरणाचा धोका पुष्कळ कमी होतो, पाण्याचे पथ्य सुटत नाही. घाव भरेपर्यंत लिटरऐवजी कागदाचे तुकडे वापरतात आणि चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर घालतात.

दवाखान्यातून परतलेल्या बोक्याच्या बाबतीत एक गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. घरात दुसरे मांजर असेल तर ते या परतलेल्या सोबत्याला ओळखत नाही. त्याच्या अंगाला औषधांचा आणि अनोळखी प्राण्यांचा वास असतो. कालपर्यंत एका उशीवर झोपणारी दोन मांजरे एकमेकांवर फिस्कारतात, कधी झुंजतात. नुकत्याच सुटलेल्या बोक्याला हा ताण नेमका नको असतो. त्याला दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, त्याच्या अंगाखालचे फडके दुसऱ्या मांजराच्या जागी आणि दुसऱ्याचे त्याच्या जागी टाकावे, म्हणजे वास पुन्हा सरमिसळ होतो. वेगळ्या खोलीचा आणखी एक उपयोग आहे: ट्रे त्याचा एकट्याचा असल्याने पहिल्या आठवड्यात रोज किती गोळे निघाले आणि ते केवढे होते, हे बिनचूक मोजता येते. सहा-आठ तासांत बोका दोनतीनदा ट्रेमध्ये जाऊन आला आणि एकही गोळा निघाला नाही, तर पहाटेचे तीन वाजले असले तरी टोपली काढावी.